नोकरीची वर्षं कोण मोजतं?

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

पेन्शनबद्दल बोलताना आपण बहुतेक वेळा रकमेबद्दल बोलतो. किती मिळतं, महागाईचा हप्ता वाढला का, पहिल्या तारखेला खात्यात जमा झालं का. पण पेन्शनच्या कागदावर रकमेच्या आधी आणखी एक रकाना असतो. सरकारी भाषेत त्याला ‘अर्हताकारी सेवा’ म्हणतात. साध्या भाषेत, तुमच्या नोकरीची किती वर्षं आम्ही धरली, एवढाच त्याचा अर्थ. माणूस चाळीस वर्षं राबलेला असतो आणि त्या रकान्यात सव्वीस लिहिलेलं असतं. उरलेली चौदा कुठं गेली, या प्रश्नात पेन्शनचा निम्मा इतिहास आहे. आणि माणूस वेळेआधी नोकरी सोडतो तेव्हा तर हा प्रश्न अगदी ऐरणीवर येतो.

नागपूर हे या इतिहासासाठी मोठं सोयीचं शहर आहे. इथं कापडाच्या मिला होत्या. दोन रेल्वे कंपन्या इथं येऊन भेटल्या. वेस्टर्न कोलफील्ड्सचं मुख्यालय इथं आहे. कामठीला छावणी, अंबाझरीला आयुध निर्माणी, सिव्हिल लाइन्सला महालेखाकारांचं कार्यालय. विदर्भ-मराठवाड्यातल्या राज्य कर्मचाऱ्यांची पेन्शनची कागदपत्रं तिथंच तपासली जातात. शिवाय हे शहर एकेकाळी राजधानी होतं, आणि एका रात्रीत ते राजधानी राहिलं नाही. म्हणजे नोकरीचे जेवढे प्रकार, तेवढ्या पेन्शनच्या तऱ्हा, आणि एकीतून दुसरीत जाताना वर्षं सांडण्याच्या तेवढ्याच जागा.

‘पेन्शन’ हा शब्द नागपूरकरांच्या कानावर प्रथम आला तो मात्र नोकरीमुळं नाही. १८५३च्या डिसेंबरात तिसरे रघुजी भोसले वारले, डलहौसीनं राज्य खालसा केलं आणि राजघराण्याला पेन्शन बांधून दिलं. राज्य घेऊन पेन्शन द्यायचं, ही कंपनी सरकारची रीतच होती. त्या पेन्शनमागं हक्काची भावना नव्हती, मेहेरबानीची होती. पुढं १८७१ साली पेन्शनचा कायदा झाला. त्यानं पेन्शनच्या दाव्यांना दिवाणी कोर्टाचा दरवाजाच बंद केला. देणारा देईल ते घ्यायचं. पेन्शन ही बक्षिसी नसून हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट शब्दांत सांगायला १९७१ साल उजाडलं. देवकीनंदन प्रसाद यांचा तो खटला. १९८२च्या नाकरा खटल्यानं ते अधिक पक्कं केलं. बरोबर शंभर वर्षं लागली.

पण हक्क मान्य झाला तरी वर्षं कोण मोजणार, हा प्रश्न उरतोच.

जमशेटजी टाटांनी जुम्मा तलावाजवळ, म्हणजे आजच्या गांधीसागरजवळ, दलदलीची जमीन घेऊन तिथं भर घातली. एका सावकारानं म्हणे पैसे द्यायला नकार दिला, हा माणूस सोनं मातीत पुरतोय म्हणून. आणि मिल चालायला लागल्यावर त्यानंच कबूल केलं की यानं माती टाकली आणि सोनं काढलं. गोष्ट टाटांच्या चरित्रांतून नेहमी सांगितली जाते. १ जानेवारी १८७७ला, व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी झाल्याचं जाहीर झालं त्याच दिवशी मिल सुरू झाली, म्हणून तिचं नाव एम्प्रेस. कंपनीचं खरं नाव लांबलचक होतं: सेंट्रल इंडिया स्पिनिंग, वीव्हिंग अँड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी. नागपूरकरांना ते कधीच लागलं नाही.

या मिलमध्ये १८८६ साली कामगारांसाठी पेन्शन फंड सुरू झाला, आणि १८९५पासून अपघाताची भरपाई मिळू लागली. देशात कामगार भरपाईचा कायदा १९२३चा, भविष्यनिर्वाह निधीचा १९५२चा. तेव्हा हे पाऊल फार पुढचं होतं यात शंका नाही. तरी इतिहास वाचताना एक गोष्ट डोळ्यांआड करू नये. एका मालकाचा फंड हा त्या मालकाच्या दरवाज्यापुरता असतो. त्या दरवाज्यातून आत गेलेली वर्षं मोजली जातात. माणूस तिथून दुसऱ्या मिलमध्ये गेला, तर नव्या दरवाज्यावर त्याची गिनती पुन्हा एकपासून. मालक कितीही उदार असला तरी दोन दरवाजे जोडणं त्याच्या हातात नसतं. ते काम कायद्यालाच करावं लागतं.

कायद्यानं ते कसं केलं याचा मोठा प्रयोग नागपूरनं १९५६ साली पाहिला. ३१ ऑक्टोबरपर्यंत नागपूर मध्य प्रदेशाची राजधानी होतं. १ नोव्हेंबरला विदर्भाचे आठ जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात गेले आणि नव्या मध्य प्रदेशाची राजधानी भोपाळला गेली. सचिवालयातले कारकून, शिक्षक, तहसीलदार, ओव्हरसियर यांच्यापैकी कुणी भोपाळच्या वाट्याला गेले, कुणी मुंबईच्या. काल एकाच टेबलावर बसणारे दोघं आज दोन राज्यांचे नोकर झाले. त्यातला कुणी १९३५ साली मध्यप्रांत-वऱ्हाड सरकारात लागलेला. त्याच्या एकवीस वर्षांचं पेन्शन कुणी द्यायचं? ज्या सरकारात त्यानं ती नोकरी केली ते सरकार तर आता नकाशावरच नव्हतं.

राज्य पुनर्रचना कायद्यानं याचं उत्तर आधीच लिहून ठेवलं होतं. पेन्शनचा बोजा कोणत्या राज्यानं किती उचलायचा याची वाटणी कायद्याच्या परिशिष्टात होती, आणि वाटून दिलेल्या कर्मचाऱ्याच्या सेवाशर्ती त्याच्या तोट्याच्या दिशेनं बदलायच्या तर केंद्राची पूर्वपरवानगी लागेल असं बंधन होतं. ज्येष्ठतेवरून पुढं कितीतरी वर्षं भांडणं चालली, कज्जे झाले. पण मधली वर्षंच बुडाली, असं निदान कायद्यानं होऊ दिलं नाही. दोन राज्यांनी आपसांत हिशेब करायचा आणि माणसाला एकच पेन्शन द्यायचं, हे तत्त्व ठरलं. माझ्या मते विदर्भाच्या विलीनीकरणाच्या इतिहासात या कलमाची नोंद व्हावी तेवढी झालेली नाही. नागपूर करारावर जितकी शाई सांडली त्याच्या शतांशही नाही.

त्याच सुमारास रेल्वेत वेगळंच नाटक सुरू होतं. मुंबईहून आलेली जीआयपी नागपूरला १८६७ साली पोचली होती. इथून पूर्वेकडं जाणारी बंगाल-नागपूर रेल्वे नंतरची. दोन्ही कंपन्या पुढं सरकारनं घेतल्या. रेल्वे नोकरांना पेन्शन नव्हतं, फंड होता. नोकराचे पैसे, त्यावर रेल्वेची भर, निवृत्त होताना एकगठ्ठा रक्कम. १९५७ साली रेल्वेत पेन्शन आलं आणि जुन्या नोकरांना विचारण्यात आलं: फंड ठेवता की पेन्शन घेता? अनेकांनी फंडच ठेवला.

आज त्यांना कुणी वेड्यात काढेल. पण त्यांच्या जागी बसून बघा. हातात येणारी रक्कम डोळ्यांना दिसत होती. तिच्यात मुलीचं लग्न होतं, गावाकडं घर होतं. पेन्शन घेणारा दोन वर्षांत गेला तर पुढं काय? सर्वांना लागू होईल असं चांगलं कुटुंब पेन्शन केंद्र सरकारात १९६४ साली आलं. महागाईप्रमाणं पेन्शन वाढण्याची नियमित पद्धत सत्तरच्या दशकातली. म्हणजे १९५७च्या पेन्शनचा आकडा जन्मभर तोच राहणार, असंच त्या वेळी कुणीही समजलं असतं. त्या दिवशीच्या माहितीवर फंड घेणारा शहाणाच होता. पुढं नियम बदलत गेले आणि पेन्शन गोड होत गेलं. रेल्वेनं पर्याय बदलण्याची संधी डझनभर वेळा दिली. जे तेवढ्यात निवृत्त होऊन गेले त्यांनी शेवटी सर्वोच्च न्यायालयाकडं धाव घेतली. १९९० साली कृष्णकुमार यांच्या खटल्यात निकाल लागला तो त्यांच्या विरुद्ध. फंड घेणारे आणि पेन्शन घेणारे हे दोन वेगळे वर्ग, फंडाची रक्कम दिली की सरकारचं देणं तिथं संपतं, असं न्यायालय म्हणालं.

सरकारी नोकरीत वेळेआधी निवृत्तीचा रस्ता केंद्रानं सत्तरच्या दशकाच्या अखेरीस मोकळा केला. वीस वर्षं झाली की तीन महिन्यांची नोटीस द्यायची आणि बाहेर पडायचं. वर पाच वर्षांपर्यंतची सेवा जादा धरायची, एकूण ३३च्या मर्यादेत. न केलेल्या नोकरीची वर्षं सरकार आपल्या पदरची घालत होतं! सहाव्या वेतन आयोगानंतर, २००८ साली, ही सवलत गेली. महाराष्ट्राच्या १९८२च्या पेन्शन नियमांतही वीस वर्षांनंतरच्या स्वेच्छानिवृत्तीची तरतूद आहे.

इथं एका शब्दाचं महत्त्व सांगायला हवं. अर्जात ‘स्वेच्छानिवृत्ती’ लिहिलं तर वर्षं शिल्लक राहतात. ‘राजीनामा’ लिहिलं तर मागची सगळी सेवा जप्त होते, असा पेन्शनचा जुना नियम आहे. दुसऱ्या सरकारी जागेवर जायचं असेल आणि रीतसर परवानगी घेऊन राजीनामा दिला असेल, तर मात्र ती सेवा जोडली जाते. वीस वर्षं नोकरी झाली होती म्हणून माझा राजीनामा हीच स्वेच्छानिवृत्ती समजा, असं म्हणणाऱ्या दिल्लीच्या एका वीज कर्मचाऱ्याचं प्रकरण २०१९ साली सर्वोच्च न्यायालयात गेलं. न्यायालयानं ते मानलं नाही. राजीनामा तो राजीनामा.

कामठीच्या छावणीतून किंवा वायुसेनानगरातून निवृत्त होऊन दुसऱ्या सरकारी नोकरीत लागणाऱ्यांपुढंही पेन्शनच्या नियमांनी पर्याय ठेवलेला होता. लष्कराचं पेन्शन चालू ठेवायचं आणि नवी नोकरी वेगळी मोजायची, किंवा ते पेन्शन बंद करून, घेतलेले पैसे परत करून, लष्करातली वर्षं नव्या नोकरीला जोडायची. लष्करातली वर्षं थोडी आणि पुढची नोकरी मोठ्या पगाराची असेल तर जोडणं फायद्याचं. नाहीतर हातचं सोडू नये. जोडण्याचं सारं गणित याच एका प्रश्नात आहे: जुन्या, कमी पगाराच्या वर्षांना शेवटच्या, मोठ्या पगाराचा भाव मिळणार आहे का?

आता खाजगी नोकरीकडं वळू, कारण वर्षं सर्वांत जास्त सांडली ती तिथं.

भविष्यनिर्वाह निधीचा कायदा १९५२चा. सुरुवातीला तो सहा उद्योगांना लागू झाला, त्यात कापड होतं, म्हणजे नागपूरच्या मिला पहिल्या दिवसापासून आत होत्या. पण तो फंड होता, पेन्शन नव्हे. १९७१ साली कुटुंब पेन्शन योजना आली. नव्यांना सक्तीची, जुन्यांना ऐच्छिक. कामगार नोकरीत असताना गेला तर त्याच्या बायकोला काही मिळावं, एवढाच तिचा हेतू. कामगाराला स्वतःला पेन्शन मिळू लागलं ते १६ नोव्हेंबर १९९५पासून, कर्मचारी पेन्शन योजनेनं. मालकाच्या वर्गणीतला ८.३३ टक्के वाटा फंडाऐवजी पेन्शनकडं वळवला गेला. कामगार संघटनांतून विरोध झाला. आमच्या फंडाचे पैसे आम्हाला द्या, पेन्शन कुणी मागितलंय, असा सूर होता. १९५७च्या रेल्वे नोकराचाच तो आवाज. कोळसा खाणीतल्यांचा फंड १९४८पासून वेगळा, त्यांची पेन्शन योजना १९९८ची. तिचं कार्यालय वेगळं, नियम वेगळे.

१९९५च्या योजनेत दोन गोष्टी होत्या, एक उदार आणि दुसरी कंजूष. उदार गोष्ट अशी की मालक किती बदलले याला महत्त्व नव्हतं. सगळ्या नोकऱ्यांची वर्षं जोडायची, शेवटच्या पगारानं गुणायची, सत्तरनं भागायची. १८८६च्या फंडाला जे करता येणार नव्हतं ते आता कायदा करत होता. कंजूष गोष्ट होती मागच्या वर्षांच्या किमतीची. १९९५च्या आधी, १९७१च्या योजनेत घालवलेल्या वर्षांना हे सूत्र लागू नव्हतं. त्यांच्यासाठी ठरावीक आकड्यांचं कोष्टक होतं. वीसपेक्षा जास्त वर्षं असतील तर दरमहा १५० रुपये. पगार अडीच हजारांच्या वर असेल तर १७०. अठ्ठावन्न वय व्हायला जितका अवकाश असेल त्याप्रमाणं त्याला एक गुणक. चोवीस वर्षं मागावर उभं राहिलेल्या माणसाच्या त्या चोवीस वर्षांची पेन्शनमधली मूळ किंमत ही. आणि १९७१च्या आधीची वर्षं असतील तर ती कोष्टकातच नव्हती.

हे लक्षात ठेवून एम्प्रेस मिलच्या शेवटाकडं पाहावं. १९८६ साली राज्य विधिमंडळानं कायदा करून ही मिल टाटांच्या कंपनीकडून घेतली आणि ती महाराष्ट्र राज्य वस्त्रोद्योग महामंडळाकडं गेली. उमरेड रोडची मॉडेल मिल त्याआधीच, १९७४च्या राष्ट्रीयीकरणात, केंद्राच्या वस्त्रोद्योग महामंडळाकडं गेलेली होती. सरकारनं चालवूनही एम्प्रेस तगली नाही. २००२ साली ती बंद झाली. सव्वाशे वर्षं पुरी झाली होती. पुढं त्या जागेवर मॉल उभा राहिला. त्याच्या नावात ‘एम्प्रेस’ तेवढं टिकलं.

मिल बंद होताना कामगाराच्या हातात तीन-चार वेगळ्या गोष्टी पडतात आणि त्यांची गल्लत होते. ग्रॅच्युइटी ही १९७२च्या कायद्यानं, वर्षाला पंधरा दिवसांची मजुरी. फंडाचे पैसे हे त्याचे स्वतःचे आणि मालकाने भरलेले. स्वेच्छानिवृत्तीची रक्कम ही निघून जाण्याबद्दलची. या तिन्ही एकदाच मिळतात आणि संपतात. घराचं छप्पर, सावकाराचं देणं, मुलाचा ऑटोरिक्षा यांत त्या जातात. उरतं ते पेन्शन, आणि त्याचा निर्णय नेमका याच घाईत करावा लागतो.

ज्याचं वय पन्नास झालेलं असेल तो कमी दरानं लगेच पेन्शन सुरू करू शकत होता. २००२च्या नियमानं अठ्ठावन्नला जितकी वर्षं कमी, तितके तीन-तीन टक्के कापले जात. २००८पासून हा दर चार टक्के झाला. पन्नासाव्या वर्षी घेतलं तर त्या वेळी जवळजवळ चौथाई पेन्शन जन्मभरासाठी गेलं. अठ्ठावन्न झाल्यावर ते पूर्ववत होईल असा अनेकांचा समज असतो. ते होत नाही. तरी घरात दुसरी कमाई नसेल तर कापलेलं का होईना, पेन्शन घेणं चूक म्हणता येत नाही. आठ वर्षं आधी मिळालेले पैसे हेही पैसेच. ज्याला थांबणं परवडत होतं त्यानं थांबणं बरं.

पन्नासच्या आतल्यांना दुसरा कागद होता, ‘स्कीम सर्टिफिकेट’. इतकी वर्षं मोजली, पगार इतका होता, अशी ही पावती. दहा वर्षं झालेल्याला पेन्शनचे पैसे काढून घेता येत नव्हते, ही पावतीच घ्यायची होती. ज्याची दहा भरली नव्हती त्याला मात्र दोन्ही रस्ते मोकळे होते: पैसे काढा किंवा पावती ठेवा. मिलमध्ये बदली कामगारांची संख्या मोठी असे. एक दिवस काम, चार दिवस दरवाज्यावर वाट पाहणं. त्यांच्या मोजलेल्या वर्षांचा हिशेब आधीच तुटका. पावती जपून ठेवून पुढं हिंगण्याच्या किंवा बुटीबोरीच्या कारखान्यात ती दाखवली तर जुनी वर्षं नव्यांना चिकटतात. पैसे काढले तर ती वर्षं कायमची संपतात.

आजच्या आकड्यांत सांगतो. समजा दोन्ही नोकऱ्या सप्टेंबर २०१४नंतरच्या आहेत, म्हणजे पेन्शनसाठी धरला जाणारा पगार जास्तीत जास्त १५,००० रुपये. एकीकडं पाच वर्षं झाली, दुसरीकडं सहा. दोन्ही वेळा पैसे काढले तर वर्षामागं ढोबळ एका महिन्याचा पगार मिळतो. मिळून एक लाख साठ-सत्तर हजार. जोडून ठेवली तर अकरा वर्षं होतात आणि अठ्ठावन्नला दरमहा २,३५७ रुपये सुरू होतात, आणि तो गेल्यावर बायकोला त्यातला निम्मा भाग किंवा किमान ठरलेली रक्कम. सहा वर्षं पेन्शन घेतलं की काढलेली रक्कम वसूल. पन्नाशीच्या जवळ असलेल्यानं जोडावीत, यात मला तरी शंका वाटत नाही. तिशीतल्याचं तसं नाही. त्यानं तीच रक्कम पंचवीस-अठ्ठावीस वर्षं खरोखर गुंतवून ठेवली तर ती या पेन्शनला मागं टाकू शकते, कारण या पेन्शनला महागाई भत्ता नाही. प्रश्न ‘खरोखर’ या शब्दाचा आहे.

ज्यांची काही वर्षं २०१४च्या आधीची आहेत त्यांच्यासाठी आणखी एक बारकावा. त्या वर्षीच्या दुरुस्तीपासून सरासरी पगार बाराऐवजी साठ महिन्यांचा धरू लागले, आणि १ सप्टेंबर २०१४च्या आधीच्या सेवेला जुनीच, ६,५०० रुपयांची मर्यादा. म्हणजे जुन्या वर्षांना नव्या पगाराचा भाव मिळण्याचं ते सुख पुरतं राहिलं नाही. त्याच वर्षी किमान पेन्शन १,००० रुपये झालं. ते वाढावं म्हणून विदर्भातल्याच बुलढाण्यातून निवृत्तांचं आंदोलन उभं राहिलं. १५० आणि १७० रुपयांचं कोष्टक ठाऊक असेल तर त्या आंदोलनातल्या म्हाताऱ्यांचा राग कुठून येतो ते समजतं.

कामगारांना जे कोष्टक भोवलं त्याच्याशी बँकांची २०००-०१ची स्वेच्छानिवृत्ती ताडून पाहण्यासारखी आहे. वर्षामागं साठ दिवसांचा पगार किंवा उरलेल्या महिन्यांचा पगार, यांतलं जे कमी ते मिळालं आणि हजारो लोक बाहेर पडले. त्यांच्या १९९५च्या पेन्शन नियमांत स्वेच्छानिवृत्ती घेणाऱ्याला पाच वर्षं जादा धरण्याचं कलम होतं. बँका म्हणाल्या, तुम्ही खास योजनेत गेलात, हे कलम तुम्हाला नाही. बँक ऑफ इंडियासह काही बँकांची प्रकरणं सर्वोच्च न्यायालयात गेली आणि २००९ साली मोहनदास यांच्या खटल्यात वीस वर्षं सेवा झालेल्यांना ती पाच वर्षं मिळाली. पुढं २०१०च्या करारानं, सुरुवातीला पेन्शन नको म्हणून फंड घेतलेल्यांनाही बँकेचा वाटा आणि वर काही रक्कम परत भरून पेन्शनमध्ये येण्याची दुसरी संधी मिळाली. रेल्वेच्या १९९०च्या निकालात जे दार बंद झालं होतं ते इथं करारानं उघडलं. संघटना मजबूत, सभासद लिहिते-वाचते आणि वकील करण्याची ऐपत असलेले. मिलच्या बदली कामगाराकडं यातलं काय होतं?

अलीकडं वर्षं जोडणं सोपं झालं आहे. २०१४पासून फंडाच्या सभासदाला एकच कायमचा खाते क्रमांक मिळतो, तो नोकरी बदलली तरी बरोबर येतो. २००४नंतर केंद्रात आणि नोव्हेंबर २००५पासून राज्यात लागलेल्या सरकारी नोकरांची नवी पेन्शन योजनाही अशीच, खातं माणसाबरोबर फिरतं. गंमत अशी की जेव्हा पेन्शनचं वचन पक्कं होतं तेव्हा वर्षं जुळत नव्हती, आणि आता खाती आपोआप जुळतात तर पेन्शन किती मिळेल याचं वचन राहिलं नाही. मार्च २०२३च्या राज्य कर्मचाऱ्यांच्या संपामागं हीच गोष्ट होती. १ एप्रिल २०२५पासून केंद्रानं आणलेल्या एकीकृत योजनेत वचन काही प्रमाणात परत आलं. पण तिथंही वेळेआधी जाणाऱ्यासाठी अट आहे: पंचवीस वर्षं करून स्वेच्छेनं निवृत्त झालात, तरी पेन्शन सुरू होईल ते ज्या दिवशी नियमानं निवृत्त झाला असता त्या दिवशी. मधल्या वर्षांची सोय ज्याची त्यानं पाहायची.

एम्प्रेस मिलमधून २००२ साली पंचेचाळिसाव्या वर्षी बाहेर पडलेला कामगार २०१५ साली अठ्ठावन्नचा झाला. त्याच्याजवळ ती पावती असेल आणि दुसरी कुठं नोकरी लागली नसेल, तर त्याचा हिशेब झाला तो २००२च्या मजुरीवर. वर किमान हजाराची हमी नुकतीच आलेली. जो तेव्हा तिशीत होता, विशीतच कामाला लागून दहा वर्षं पुरी केलेला, त्याचं अठ्ठावन्नावं वर्ष अजून यायचं आहे. ते २०३० साली येईल. तोपर्यंत तो कागद बहुधा घरातल्या पेटीत, रेशनकार्डाच्या घडीत असेल. वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या घरी असा कागद असेल तर तो काढून त्यावरचं नाव, वडिलांचं नाव आणि जन्मतारीख आधारकार्डाशी जुळते का, ते आजच पाहून ठेवा. रघुजीनगरच्या भविष्यनिधी कार्यालयात दुरुस्तीचा अर्ज अठ्ठावन्नच्या आधीही करता येतो.